नवसागर, शोरा आणि शेवाळ

नवसागर हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांत एकाच ठिकाणी सापडतो. हातभट्टीवर छापा पडला, इतके लिटर रसायन, इतका काळा गूळ आणि इतका नवसागर जप्त झाला, अशा बातमीत. चाळिशी ओलांडलेल्यांना मात्र तो कल्हईवाल्याच्या तोंडून ऐकल्याचे आठवत असेल. भाता फुंकून पातेले लालसर तापवायचे, कापसाच्या बोळ्याने पांढरी पूड आत फिरवायची, पांढरा धूर उठायचा, आणि मग कथलाचा तुकडा टेकवला की पितळ चांदीसारखे उजळून निघायचे. ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड.

शब्द ऐकताना 'नव' आणि 'सागर' असा वाटतो, पण त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. फारसीत तो नौशादर, उर्दूत नौसादर, संस्कृत वैद्यकग्रंथांत नरसार किंवा नवसार. मराठीने त्याला आपल्या कानाला रुचेल असे रूप दिले. मध्य आशियातल्या डोंगरांत जिथे जमिनीखाली कोळसा जळत असे तिथल्या भेगांच्या तोंडाशी हा क्षार साठायचा, आणि व्यापारी तो पश्चिमेला आणि दक्षिणेला नेत. जाबिर बिन हय्यानच्या नावावर असलेल्या अरबी ग्रंथांत आणि पुढे अल-राझीच्या लेखनात नौशादराला मोठा मान आहे. तापवला की तो वितळत नाही, सरळ धूर होऊन उडतो आणि वर थंड जागी पुन्हा पांढरा होऊन बसतो. म्हणून त्याला पारा आणि गंधकाच्या पंक्तीत, 'रूह' म्हणजे उडून जाणाऱ्या पदार्थांत बसवले.

हा नवसागर मला अलीकडे फार वेगळ्या जागी भेटला, दौंडमध्ये एका काचेच्या टाकीत. माझा एक माजी विद्यार्थी रेल्वेत नोकरीला आहे. त्याने घरात समुद्राचे मत्स्यालय मांडले आहे, म्हणजे नुसते मासे नव्हेत, प्रवाळही. समुद्र दौंडपासून शे-दोनशे किलोमीटर दूर आणि मध्ये सह्याद्री. तरीही पिशवीतले समुद्री मीठ गोड्या पाण्यात विरघळवून तो घरात समुद्र करतो. नवी टाकी सुरू करताना मासे सोडण्याआधी तीन ते सहा आठवडे ती रिकामी चालवतात आणि तिच्यात अमोनियम क्लोराइडचे थेंब टाकतात, हे त्याने सांगितले तेव्हा मी उडालोच. "म्हणजे नवसागर?" मी विचारले. "हो सर, पण बाजारातला नाही, शुद्ध लागतो. बाजारातल्यात तांब्याचा अंश असला तर प्रवाळ मरतात," तो म्हणाला.

नवसागर कशासाठी टाकायचा? जिवाणूंसाठी. मासा श्वासावाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, ते पण विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य. मासे टाकण्याआधी या जिवाणूंची वस्ती दगडावाळूत बसावी म्हणून त्यांना आधी नवसागर खायला घालायचा, एवढीच ही युक्ती. पण गोष्ट नायट्रेटवर थांबते कुठे? नायट्रेट साठत जाते. ते शेवाळाचे खत आहे. दोन-तीन महिन्यांत दगडांवर हिरवे केस उगवतात, प्रवाळ त्यांच्याखाली गुदमरतात. आमच्या या पठ्ठ्याच्या टाकीचे तेच झाले होते. उर्दूत शेवाळाला काई म्हणतात. त्याच्या अम्मीचा निवाडा एका वाक्यात होता, एवढे पैसे घालून काई पिकवली.

त्या काईच्या मागे लागून मी जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला.

नायट्रेटचे आपल्याकडचे जुने नाव शोरा, मराठीत सोराही म्हणतात. जुन्या मातीच्या भिंतींना, गोठ्यांच्या कडेला, उकिरड्यांजवळ पांढरा लोणा धरतो, त्यात शोरा असतो. मूत्र आणि शेण कुजते, त्यातून अमोनिया निघतो, मातीतले तेच जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि कोरड्या हवेत ते पृष्ठभागावर फुलते. मत्स्यालयाच्या दगडात जे घडते तेच गोठ्याच्या भिंतीत. फरक एवढाच, की मत्स्यालयवाल्याला हे नायट्रेट नको असते आणि राजेरजवाड्यांना ते हवे होते, कारण बंदुकीच्या दारूत सर्वांत मोठा वाटा शोऱ्याचाच.

अंदलुसमध्ये जन्मलेला आणि १२४८ साली दमास्कसमध्ये वारलेला वनस्पतितज्ज्ञ इब्न अल-बैतार याने शोऱ्याला 'चीनचे बर्फ' असे नाव नोंदवले आहे. त्याच शतकात शामच्या हसन अल-रम्माहने (मृत्यू १२९५) घोडेस्वारी आणि युद्धकलेवरच्या आपल्या ग्रंथात शोरा शुद्ध करण्याची रीत लिहिली. कच्चा शोरा पाण्यात उकळायचा, त्यात लाकडाची राख घालायची, गाळायचे आणि निवू द्यायचे. राखेतला क्षार कच्च्या शोऱ्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली बसवतो आणि वर शुद्ध शोऱ्याचे खडे धरतात. या राखेला अरबीत अल-क़ली म्हणतात. मत्स्यालयवाले आठवड्याला जी 'अल्कलिनिटी' मोजतात तो शब्द याच क़लीतून आला.

आपल्याकडे असा संदर्भ सापडला की काही मंडळी लगेच छाती फुगवून सगळे विज्ञान आपणच शोधले असे लिहायला बसतात. माझे तसे म्हणणे नाही. शोऱ्याची ओळख चीनमध्ये आधी झाली होती, हे त्या अरबी नावातच कबूल केलेले आहे. आणि शोरा भिंतीवर का फुलतो हे ना चीनला ठाऊक होते, ना अल-रम्माहला. त्यांनी जिवाणूंची शेती केली, जिवाणू न पाहता. इल्म एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाढत जाते, एवढे म्हटले तरी पुरेसा मान होतो.

हिंदुस्थानात शोऱ्याचा मोठा बाजार बिहारमध्ये होता. नुनिया जातीचे लोक गावोगाव माती खरवडून तो काढत आणि पाटण्याहून तो डच आणि इंग्रज जहाजांत भरला जाई. प्लासीनंतर १७५८ मध्ये क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या शोऱ्याची मक्तेदारी कंपनीसाठी मिळवली. युरोपातल्या लढायांची दारू मग बिहारच्या गोठ्यांतून निघू लागली. अकबराच्या दरबारात मात्र शोऱ्याला एक शांत कामही होते. अबुल फझल आईन-ए-अकबरीत सांगतो, की बादशहाने तोफेत आग भडकवणाऱ्या शोऱ्याचा उपयोग पाणी थंड करण्यासाठी करून घेतला. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो. भांड्यात शोऱ्याचे पाणी करून त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवत राहायचे. दौंडच्या उन्हाळ्यात टाकीसाठी विजेचा चिलर विकत घेताना आमच्या विद्यार्थ्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "सर, तेवढा तरी नायट्रेटचा उपयोग झाला."

आमच्या भागाचा शोऱ्याशी संबंध तोफखान्यातून येतो. शिरूरहून नगर रस्त्याने तास-दीड तासात आपण निजामशाहीच्या राजधानीत पोहोचतो. विजापूरच्या बुरुजावर असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये याच अहमदनगरात मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ओतली. तोफ एकदाच ओतावी लागते, शोरा मात्र दर वेळी लागतो. पण ज्यांनी तो गोळा केला त्यांची नावे कुठल्याही तोफेवर कोरलेली नाहीत.

आता मत्स्यालयाकडे. घरात समुद्र ठेवण्याचा नाद युरोपात एकोणिसाव्या शतकात लागला. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यात हवा राहावी म्हणून ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहावे लागे, आणि हे काम त्यांची मोलकरीण करी. आजच्या पंपाचे काम त्या बाईच्या दंडांनी केले. तिचे नाव मला कुठेच मिळाले नाही.

मग येतात वॉरिंग्टन बापलेक. ही जोडी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडली. थोरला रॉबर्ट वॉरिंग्टन लंडनचा रसायनतज्ज्ञ. १८४९ मध्ये त्याने तेरा गॅलनच्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कर्बवायू देतील, हिशेब बरोबर बसेल अशी त्याची कल्पना. हिशेब बसला नाही. जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवे साचले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडले. म्हणजे मत्स्यालयाचा शास्त्रीय इतिहास सुरू होतो तोच शेवाळाच्या तक्रारीपासून आणि गोगलगाईच्या उपायापासून. फिलिप हेन्री गॉस यांच्या प्रयत्नांतून १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, पुढल्या वर्षी गॉसचे पुस्तक आले आणि मग घराघरांत काचेच्या पेट्या दिसू लागल्या. बहुतेक पेट्यांतले पाणी सडले आणि लाट ओसरली.

का सडले, याचे उत्तर मत्स्यालयातून आले नाही, सांडपाण्यातून आले. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी थेंबथेंब सोडले. वीस दिवस काहीच झाले नाही. मग खालून येणाऱ्या पाण्यात अमोनियाच्या जागी नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्म सोडला, नायट्रेट थांबले. क्लोरोफॉर्म काढून थोड्या मातीचे धुवण घातले, पुन्हा सुरू झाले. क्लोरोफॉर्मने जे झोपते ते जिवंत असले पाहिजे. शेकडो वर्षे गोठ्याच्या भिंतीत जे चालले होते त्याचा कर्ता अखेर सापडला. वाचकहो, चुनखडीचे तुकडे आणि वाळू यांतून घाणेरडे पाणी फिरवणे, हीच आजच्या समुद्री टाकीच्या फिल्टरची रचना आहे, आणि सुरुवातीचे ते रिकामे आठवडे म्हणजे श्लोझिंगचे वीस दिवस.

यानंतर इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत या कामाचा पाठपुरावा ज्याने केला तो धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन, गोगलगाईवाल्याचा मुलगा. अमोनिया ते नायट्राइट आणि नायट्राइट ते नायट्रेट या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्याने दाखवले. पण ते जिवाणू वेगळे काढणे त्याला वर्षानुवर्षे जमले नाही. सगळे लोक जिवाणू जिलेटिनवर वाढवत, तोही वाढवत होता, आणि या जिवाणूंना तसले सकस अन्न नकोच असते. १८९० मध्ये झुरिचमध्ये सर्गेई विनोग्राडस्कीने जिलेटिन टाकून देऊन नुसत्या क्षारांवर ते वाढवले. बापाने जे काचपात्र मांडले त्यातले कोडे मुलाने अर्धे सोडवले आणि उरलेले अर्धे एका रशियनाने.

नायट्रेट बनते कसे हे कळले. जाते कसे? जिथे प्राणवायू पोहोचत नाही अशा जागी दुसरे काही जिवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांनी हवेत सोडून देतात. समुद्रात हे सच्छिद्र प्रवाळखडकांच्या पोटात चालते. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग याने एक लेख लिहिला. त्याच्या टाकीत मोठा फिल्टर नव्हता, फक्त समुद्रातले जिवंत खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. खडकाच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते आणि आतल्या थरात नायट्रेटचा वायू. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी याला फेस काढणाऱ्या स्किमरची जोड दिली आणि हीच पद्धत जगभर रूढ झाली.

आपल्याकडे यात एक कायद्याची मेख आहे आणि ती योग्यच आहे. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण मिळाले. मालवणच्या समुद्रातून एक फांदी तोडून आणणे हा वाघ मारण्याच्या यादीतला गुन्हा आहे. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गसमोर दूर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा प्रवाळाचा पठार आहे. तिथला खडक तिथेच राहिला पाहिजे. म्हणून आपल्या छांदिष्टाने कोरडा खडक किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे घ्यावेत. त्यात जिवाणू बसायला वेळ जास्त लागतो, पण बसतात. आणि विक्रेत्याकडून प्रवाळ घेताना तो कुठून आला याचे कागद मागायला लाजू नये.

आता दौंडच्या टाकीत शेवाळ का आले ते सांगतो. मुलाने सगळे उपाय केले होते. खाणे कमी केले, बर्फातले खाद्य धुऊन घातले, स्किमर लावला, दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदलले. नायट्रेट उतरेना. वीस टक्के पाणी बदलले की नायट्रेटही वीस टक्केच कमी होते, पन्नासाचे चाळीस, चाळीसाचे बत्तीस. तेही नवे पाणी नायट्रेटविना असेल तर. मी विचारले, रोज जे पाणी आटते त्याच्या जागी काय घालतोस? म्हणाला, बोअरचे घालतो, काचेसारखे स्वच्छ आहे.

इथे हिशेब करून पाहू. टाकी दोनशे लिटरची. पंखा लावून थंड ठेवायची तर उन्हाळ्यात दिवसाला चार लिटर सहज आटते. आटते ते नुसते पाणी, त्यातले क्षार मागेच राहतात. भरीच्या पाण्यात लिटरला चाळीस मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर पन्नास दिवसांत दोनशे लिटर भर पडते आणि टाकीचे नायट्रेट चाळीसने चढते. माशांनी काहीही न करता. प्रवाळांच्या टाकीत ते साधारण दोन ते दहाच्या दरम्यान असावे असे हे लोक मानतात. अगदी शून्यही नको, कारण मग प्रवाळ उपाशी राहतात आणि शेवाळापेक्षा चिवट तपकिरी जीव माजतात.

चाळीस हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला, पण तो हवेतला नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेच्या वर होते. प्रयोगशाळेचा कागद वाचताना एक काळजी घ्यावी. काही ठिकाणी आकडा नायट्रेटचा असतो, काही ठिकाणी फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. नायट्रेटचे ४५ म्हणजे नायट्रोजनचे साधारण १०. दहा वाचून हायसे वाटून घेऊ नये.

हे पाण्यात आले कुठून? १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला, आणि गोठ्याच्या भिंतीची गरज संपली. स्वतंत्र भारतात १९५१ ला सिंद्रीचा खत कारखाना आला. त्या खताने आपल्याला जेवू घातले, याबद्दल कृतघ्न होण्याचे कारण नाही. पण आडसाली उसाची शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. ते सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर पंचेचाळीस किलोच्या एकोणीस-वीस गोण्या होतात. पाटपाण्याने वाफा भरला की पिकाने न घेतलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते. मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत. दौंड कालव्यांवर आणि शिरूरची भीमा-घोडकाठची गावे उसावर उभी आहेत.

दुसरा ओघ शहराचा. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला जाताना पारगावला भीमेचा पूल लागतो. तिथून जवळच रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, म्हणजे पुण्याचे जे काही वाहून जायचे ते इथे येते. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले सांडपाणी बेबी कालव्यात उचलून शेतीला दिले जाते तेही दौंडकडेच. प्रक्रिया केलेले म्हणजे काय, हे श्लोझिंगच्या नळीने दाखवून ठेवले आहे. साधी प्रक्रिया दुर्गंधी घालवते, अमोनियाचे फार तर नायट्रेट करते. नायट्रेट काढायला प्राणवायू नसलेली दुसरी टाकी लागते, तीच ती खडकाच्या पोटातली पायरी. ती वगळली की पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि पुढे जाऊन हिरवे होते.

पुढे उजनी आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी दरवाजातून बाहेर न पडणारे. वरून खत येते, उन्हाने पाणी आटते, तळ कधी धुतला जात नाही. माझ्या विद्यार्थ्याची टाकी आणि उजनी यांत मला आकाराखेरीज फारसा फरक दिसला नाही. उन्हाळ्यात हिरवे होणारे पाणी, जलपर्णीचे गालिचे, देशी माशांच्या जागी माजलेली चिलापी. भिगवणचे रोहित पक्षी पाहायला येणारे लोक त्या हिरवटपणासमोर उभे राहून फोटो काढतात. तेच पाणी सोलापूर पिते.

आपल्या फिकहमध्ये पाण्याचा विचार फार बारकाईने झाला आहे. हनफी मतानुसार दहा हात बाय दहा हात, 'दह दर दह', हौजातले पाणी घाण पडली तरी नापाक होत नाही, जोवर त्याचा रंग, वास किंवा चव बदलत नाही. मुंबईच्या जामा मशिदीत, जी १८०२ मध्ये पूर्ण झाली, झऱ्यांच्या पाण्याचे जुने तळे आत तसेच राखले गेले आणि जुन्या गॅझेटियरमध्ये त्यातल्या सोनेरी-रुपेरी माशांची नोंद आहे. हौजात मासे सोडण्याची रीत अनेक ठिकाणी होती. मासे डासांच्या अळ्या खात, थोडी काईही खात. वुजू करता करता मुले मासे पाहत. वॉरिंग्टनच्या गोगलगाईंच्याही आधीची ही व्यवस्था आहे.

रंग, वास आणि चव या तिन्ही कसोट्या डोळ्यांना, नाकाला आणि जिभेला जे कळते त्यासाठी उत्तम आहेत. नायट्रेटला यातले काहीच नाही. वुजूसाठी ते पाणी पाकच आहे, त्यात वाद नाही. पण तान्ह्या बाळाची दुधाची बाटली त्या पाण्याने करावी का, हा प्रश्न वेगळा. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉमली या डॉक्टरने लिहिले, की विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही मुले निळी पडतात, कारण त्यांचे रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. आपल्या घरांत अशा वेळी पाणी उकळून देतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटते तेवढे ते उलट वाढते. टाकीचाच हिशेब इथेही. ज्या घरात सहा महिन्यांच्या आतले वरचे दूध पिणारे बाळ आहे आणि पाणी बोअरचे आहे, त्यांनी ते एकदा तपासून घ्यावे ही माझी विनंती आहे.

दौंडच्या मुलाने शेवटी आरओ बसवला आणि त्यापुढे रेझिनची नळी जोडली. आता टाकीत मिसळायचे आणि भरीचे दोन्ही पाणी त्यातूनच जाते. खालच्या कप्प्यात त्याने केटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंतवळ्यासारखे शेवाळ लावले आहे, रात्री दिवा लावून. ते नायट्रेट खाऊन वाढते, आणि आठवड्याला मूठभर उपटून टाकले की तेवढे नायट्रेट टाकीबाहेर जाते. काईवर काईचाच उतारा. जिवाणूंना कर्ब मिळावा म्हणून परदेशी छांदिष्ट टाकीत थेंबथेंब व्होडका सोडतात. आमच्या घरात ते कसे चालणार? तो सिरका सोडतो, काम तेच होते. मात्रा वाढवली तर जिवाणू इतके माजतात की पाण्यातला प्राणवायू संपून मासे वर येऊन तोंड उघडतात. मळीचे पाणी नदीत सुटल्यावर भीमेच्या काठी जे दिसते ते याच कारणाने.

दगडावरचे हिरवे केस जायला चार महिने लागले, कारण दगडानेही आत बरेच साठवून ठेवले होते. आरओतून जे नायट्रेटचे दाट पाणी बाहेर पडते ते त्याची अम्मी बादलीत धरते आणि अंगणातल्या कढीपत्त्याला घालते. यंदा शेजारच्या चार घरांना पुरून उरेल इतका पाला आला आहे.